डॅटसन २४०झेडला टोयोटा पिकअपचे भंगारातले ४ पिस्टनवाले कॅलिपर लावावेत का?

झेड_७२ (सॅन होजे)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. दोन वर्षांपूर्वी १९७२ ची डॅटसन २४०झेड (जुनी जपानी स्पोर्ट्स कार) घेतली. इंजिन मूळचंच २.४ लिटरचं, पुढे साध्या पातळ डिस्क, मागे ड्रम, १४ इंची चाकं. गाडी रोज नाही चालवत, रविवारी पहाटे काढतो आणि बहुतेक वेळा माउंट हॅमिल्टनला जातो, वर लिक वेधशाळा आहे तिथे. रस्ता घोडागाड्यांच्या काळातला, त्यामुळे चढ सौम्य पण वळणं संपता संपत नाहीत.

मागच्या महिन्यात उतरताना अर्ध्याच्या खाली आल्यावर ब्रेक गेले. म्हणजे पूर्ण नाही गेले, पण पेडल एकदम मऊ झालं आणि जवळजवळ फ्लोअरला टेकायला लागलं, दोनतीनदा पंप केल्यावर कुठे थोडं पकडलं. जळका वासही येत होता. बायको शेजारी बसली होती, तिला काही बोललो नाही, दुसरा गिअर टाकला, हळूहळू एका रुंद जागी कडेला घेतली आणि पाऊण तास थांबलो. गार झाल्यावर ब्रेक परत जसेच्या तसे, जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवसापासून घाटात गाडी न्यायची हिंमत होत नाहीये.

झेडवाल्या लोकांकडून कळलं की टोयोटाच्या १९७९ ते ८५ च्या ४x४ पिकअपचे पुढचे कॅलिपर (ऑइलच्या दाबाने पिस्टन सरकवून पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) या गाडीला जवळपास जसेच्या तसे बसतात. ते ४ पिस्टनचे आहेत, माझे मूळचे २ पिस्टनचे. म्हणून शनिवारी पाना, गोट्या (सॉकेट), मोठी टॉमी सगळं घेऊन इथल्या स्क्रॅप यार्डात गेलो (इथे आपण स्वतःच काढायचं असतं) आणि दोन वेगवेगळ्या पिकअपचे मिळून डावा-उजवा असे दोन कॅलिपर काढून आणले. दोन्हींवर गंज आहे, एकाचे दोन पिस्टन जाम आहेत.

प्रश्न असे की हे साफ करून, नवे सील टाकून वापरणं सेफ आहे का? मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो) बदलावा लागेल का? आणि पिस्टन दुप्पट म्हणजे ब्रेक दुप्पट, असं धरून चालायचं का?

मिशिगनकर

आधी एक काम करा. दोन्ही कॅलिपर वायर ब्रशने घासा आणि बॉडीवर ओतीव अक्षरं काय आहेत ते वाचून सांगा. तुम्हाला लागतात ते एस१२+८. तसाच दिसणारा दुसरा असतो एस१२डब्ल्यू, तो नंतरच्या पिकअपचा, जाड हवेशीर डिस्कसाठी. दोन वेगळ्या गाड्यांवरून काढलेत म्हणताय म्हणून विचारतोय. बाकीचं त्यानंतर बोलू.

गंजाचं टेन्शन घेऊ नका. तुमच्याकडचा गंज म्हणजे आमच्याकडच्या मानाने काहीच नाही, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आमच्या यार्डातला कॅलिपर हातात घेतला की पापुद्रे निघतात.

ब्रेकवाली_चिंचवड

मी १७ वर्षं ब्रेकच्या पार्टांमध्येच काम करतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कॅलिपरचं नाहीये, पेडलचं आहे. उतारावर ब्रेक दोन प्रकारे जातात आणि दोन्हींची लक्षणं वेगळी असतात. पहिला प्रकार, पेडल नेहमीसारखं कडक लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबताय पण गाडी थांबत नाही. ते पॅड तापून त्यांचं घर्षण कमी झालेलं असतं. दुसरा प्रकार, पेडल मऊ होतं, खाली जातं, पंप केलं की थोडं येतं, आणि गार झालं की सगळं पूर्ववत. ते ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. तुमचं सरळसरळ दुसरं आहे, वास आला म्हणजे थोडं पहिलंही असेल.

आता सांगा, ऑइल शेवटचं कधी बदललंय? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शिरलं की उकळबिंदू धाडकन खाली येतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ अंश सेल्सिअस, पाणी शिरलेलं १४०. डॉट ४ नवं २३०, जुनं १५५. म्हणजे डब्यावर काहीही लिहिलेलं असो, चारपाच वर्षं न बदललेलं ऑइल घाटात १५० च्या आसपास उकळू शकतं, आणि मग कॅलिपर ४ पिस्टनचा असो नाहीतर ६ चा, पेडल खालीच जाणार.

उतारावर किती उष्णता तयार होते त्याचाही हिशेब सांगते, कारण लोकांना याचा अंदाज नसतो. समजा तुम्ही साधारण ११०० मीटर उंची उतरलात. तेवढी सगळी ऊर्जा ब्रेकनेच खायची म्हटलं तर ताशी १०० किमीच्या स्पीडवरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या २८ पट होते. गाडीचं वजन कितीही असो, हा आकडा तोच राहतो, वजन दोन्हीकडून कटतं. २८ वेळा १०० वरून शून्य, आणि मध्ये गार व्हायला नीट वेळ नाही. इंजिन ब्रेकिंग आणि हवेचा रोध यातला बराच वाटा उचलतात, पण तुम्ही चौथ्या गिअरमध्ये पाय ठेवून उतरत असाल तर नाही उचलत.

आणि ही उष्णता साठते कुठे? डिस्कमध्ये. कॅलिपर फक्त दाबतो. तुम्ही तीच पातळ डिस्क ठेवून नुसता कॅलिपर बदललात तर उष्णता साठवायची ताकद आहे तेवढीच राहते. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय कारण "मोठा कॅलिपर म्हणजे घाटात सेफ" हा समज मी रोज ऐकते आणि तो चुकीचा आहे.

पिस्टन दुप्पट म्हणजे ब्रेक दुप्पट हेही नाही. तुमचा मूळचा कॅलिपर फिक्स्ड आहे, म्हणजे जागेवरून हलत नाही, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन, व्यास २ पूर्णांक १/८ इंच म्हणजे ५४ मिमी. जोर मोजताना एकाच बाजूचं क्षेत्रफळ धरायचं. ५४ चा एक पिस्टन म्हणजे २२९० चौरस मिमी. आता एखाद्या ४ पिस्टनवाल्यात एका बाजूला ३८ चे दोन असतील तर २२६८, म्हणजे मूळपेक्षा किंचित कमीच! आणि ४३ चे दोन असतील तर २९०४, म्हणजे सव्वापटीपेक्षा थोडं जास्त. त्यामुळे पिस्टन मोजू नका, व्हर्नियर घेऊन व्यास मोजा. पिस्टन बाहेर काढल्याशिवाय नीट मोजता येत नाही, तसेही ते काढावेच लागणार आहेत.

झेड_७२

ताई, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

ऑइल. गाडी घेतल्यापासून मी बदललेलंच नाही. आत्ता जाऊन झाकण उघडून बघितलं तर काळ्या चहासारखा रंग आहे. आधीच्या मालकाकडे गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, म्हणजे त्याच्या आधीपासूनचं असणार.

मिशिगनकर, तुम्ही विचारलंत म्हणून कॅलिपर घासले. डाव्यावर एस१२+८ आहे. उजव्यावर एस१२डब्ल्यू. मला दोन्ही एकसारखेच दिसत होते, पण आता शेजारी शेजारी ठेवले तर डब्ल्यूवाला जाडीला जास्त आहे. हे लावले असते तर काय झालं असतं?

मिशिगनकर

मला तीच शंका होती. बरं झालं आधी विचारलं.

एस१२डब्ल्यू २० मिमीच्या आसपास जाडीच्या डिस्कसाठी आहे. तुमची मूळची डिस्क नवी असताना साडेबारा मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेचार मिमी जास्त अंतर, पिस्टन तेवढा कायमचा बाहेर आलेला राहणार. पॅड नवे असताना चालून जातं, म्हणून लोक फसतात. पॅड झिजले, डिस्कही झिजली, की पिस्टन सीलच्या कडेपर्यंत येतो, आणि एक दिवस जोरात ब्रेक मारला की तिरका होऊन अडकतो किंवा सगळं ऑइल बाहेर. आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार हे वेगळं सांगायला नको. डावा-उजवा एकाच जातीचा, एकाच मापाचा, यात तडजोड नाही.

डब्ल्यू वापरायचाच असेल तर लोक १९८४ च्या ३००झेडएक्सची (याच घराण्यातली नंतरची गाडी) हवेशीर डिस्क हबमागे स्पेसर टाकून बसवतात. तो रस्ता खरं तर तुमच्या घाटासाठी जास्त योग्य, कारण ताई म्हणतात तशी डिस्क जाड होते, जास्त उष्णता खाते आणि लवकर गारही होते. पण त्यात पार्ट जास्त, खर्च जास्त, आणि १४ इंची चाक बसेल का ते प्रत्येक चाकागणिक बघावं लागतं.

अजून एक. पार्टच्या दुकानात रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे जुनेच पण नव्याने तयार केलेले कॅलिपर मिळतात, आपला जुना (त्याला कोअर म्हणतात) दिला की त्यापोटी घेतलेलं डिपॉझिट परत मिळतं. तुमचा जाम पिस्टनवाला कॅलिपर फुकट जाणार नाही, तो कोअर म्हणून देऊन टाका. मी स्वतः दोन्ही बाजूंना तसेच एस१२+८ घेतले होते, आणि तरीही घरी आणल्यावर उघडून बघितले. एकात सील पिळलेलं निघालं.

आंबोली_जिप्सी

मधेच विचारतो, माफ करा. मी कोल्हापूरचा, माझी जिप्सी आहे, पुढे सिंगल पिस्टनचे कॅलिपर. महिन्यातून दोनदा तरी आंबोली उतरून सावंतवाडीला जाणं होतं, पावसाळ्यात तर जास्तच. इथे एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने एका मोठ्या एसयूव्हीचे भंगारातले दोन पिस्टनवाले कॅलिपर दाखवले, म्हणाला पत्र्याचा जाड ब्रॅकेट कापून वेल्डिंग करून बसवून देतो, तीन तासांचं काम. वरची चर्चा वाचून आता विचार बदलतोय. काय करावं?

ब्रेकवाली_चिंचवड

दादा, नका करू. अगदी कळकळीने सांगते.

कॅलिपर डिस्कला पकडतो तेव्हा डिस्क त्याला स्वतःबरोबर फिरवायला बघते, आणि तो सगळा ओढा त्या ब्रॅकेटवर आणि दोन बोल्टवर येतो. म्हणजे ब्रेकचा सगळा जोर शेवटी तिथेच. तिथे अंदाजाने कापलेला पत्रा आणि हाताचं वेल्डिंग, ते पण नकलवर म्हणजे चाक आणि कॅलिपर ज्यावर बसतात त्या ओतीव किंवा फोर्ज केलेल्या पार्टवर, हे कितीही चांगल्या वेल्डरने केलं तरी मी माझ्या घरच्यांना त्या गाडीत बसू देणार नाही. वेल्डच्या कडेला बारीक तडा जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. झेडवाल्या दादांची गोष्ट वेगळी आहे, तिथे दुसऱ्या कंपनीचा कॅलिपर मूळच्याच भोकांत मूळच्याच बोल्टने बसतो, काही कापायचं असलं तर फक्त धूळ अडवणारा पत्रा.

शिवाय तुमच्याकडे दोन पिस्टन एकाच बाजूला, म्हणजे फ्लोटिंग कॅलिपर असणार, पिनांवर सरकणारा. त्यात दोन्ही पिस्टनचं क्षेत्रफळ धरायचं, ते बहुधा मूळपेक्षा बरंच जास्त निघेल, पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागतील आणि आंबोलीच्या पावसात पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल अडचणीचे ठरू शकतात, अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघेल.

तुम्ही एवढंच करा: कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ करून योग्य ग्रीस लावा (फ्लोटिंगमध्ये निम्मे आजार तिथेच असतात), चांगल्या कंपनीचे पॅड, नवं डॉट ४ ऑइल, मागच्या ड्रमचे लायनर अॅडजस्ट, आणि आंबोलीला वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, आपले जुने एसटी ड्रायव्हर तेच करतात.

आंबोली_जिप्सी

पटलं ताई. गॅरेजवाल्याला नाही म्हणून सांगतो. पिना मी कधी उघडल्याच नाहीत, या रविवारी उघडतो.

न्यूजर्सी_नाना

मी ही गाडी १९९८ पासून बाळगून आहे, दोन इंजिनं झाली. मुद्द्यावर येतो, भंगारातला कॅलिपर उघडायचा कसा ते कोणी लिहिलं नाही म्हणून.

बॉडीचे दोन अर्धे भाग जोडणारे मोठे बोल्ट दिसतील, ते सोडू नका. पिस्टन काढायला त्याची गरज नाही. ब्लीडर निपल (ऑइलमधली हवा काढायचा) आधी भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, मग सहा कोनी गोटीने हळूच हलवा. बारा कोनी गोटी लावली की कडा गोल होतात आणि निपल तुटला तर कॅलिपर गेलाच समजा.

जाम पिस्टन हवेने निघत नसेल तर तो कॅलिपर तात्पुरता गाडीच्या ब्रेक लाइनला जोडून पेडल दाबून काढा, ऑइलचा दाब हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि पिस्टन उडत नाही, सावकाश बाहेर येतो. हवा वापरणारच असाल तर मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब. माझ्या मित्राचं नख गेलंय. चारातला एक निघाला की बाकीचे निघत नाहीत, कारण हवा तिथून सुटते, म्हणून ठोकळ्याची जाडी अशी ठेवा की चारही जवळजवळ बाहेर येतील पण सुटणार नाहीत.

मग पिस्टन बघा. वरचा क्रोम उडून खड्डे पडलेले असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, पिस्टन नवा. सील बसतं ती खाच महत्त्वाची, तिच्यात गंज साचलेला असतो, तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने खरवडा, स्क्रू ड्रायव्हर नको. त्या चौकोनी सीलचं काम फक्त गळती थांबवणं नसतं. ब्रेक दाबला की सील पिस्टनबरोबर थोडं वाकतं, सोडला की सरळ होतं आणि पिस्टनला मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतात ते त्यामुळे. खाच घाण असेल तर सील वाकत नाही, पॅड घासत राहतात, डिस्क तापते, ऑइल तापतं. घाटातलं तुमचं दुखणं तिथूनही सुरू झालेलं असू शकतं, मूळचे कॅलिपरसुद्धा ५० वर्षांचे आहेत.

जोडताना सीलला ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचंच लाल रबर ग्रीस. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल यातलं काहीही लागलं तर रबर फुगतं. आणि ब्रेक क्लीनर मारून लगेच गॅस टॉर्च पेटवू नका, क्लोरीनवाला क्लीनर तापला की विषारी वायू होतो.

रबरी होस चारही बदला. बाहेरून छान दिसतात, आतून फुगून बंद झालेले असतात.

आता सर्वात महत्त्वाचं, मास्टर सिलिंडरला हात लावाल तेव्हा. बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणारा डबा) आत पुशरॉडच्या मागे एक छोटी रबरी चकती असते, रिअॅक्शन डिस्क. रॉड बाहेर ओढला की ती निसटून आत पडते आणि आपल्याला कळतही नाही. मग पेडलला नुसता पाय लागला की गाडी नाक घासून थांबते. माझ्या गाडीचं काम एका गॅरेजमध्ये केलं होतं तेव्हा हेच झालं, त्यांना सापडेना, आणि मी सहा महिने नवेनवे पॅड बदलत बसलो. रॉड ओढू नका. ओढलाच गेला तर चकती जागेवर आहे का बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जाता जाता, याच मॉडेलची गाडी घेऊन रॅली ड्रायव्हर शेखर मेहता १९७३ ची पूर्व आफ्रिकन सफारी रॅली जिंकला होता. चिखल, खड्डे, डोंगर, सगळं. गाडी मुळात कच्ची नाही, तिची निगा राखली गेली नाही एवढंच.

झेड_७२

तीन आठवड्यांनी लिहितोय.

आधी मूळच्याच कॅलिपरवर सगळं करायचं ठरवलं, म्हणजे नक्की काय बिघडलं होतं ते कळेल. चाक काढलं आणि नानांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. उजव्या बाजूचा आतला पिस्टन जवळजवळ जाम, त्या बाजूचा पॅड बाहेरच्याच्या निम्मा उरलेला आणि डिस्कवर निळसर डाग. म्हणजे ती बाजू कायम घासत चालली होती. मूळचे दोन्ही कॅलिपर उघडले, सील, पिस्टन नवे. चारही होस नवे. जुनं ऑइल पूर्ण काढून डॉट ४. पुढे नवी डिस्क, नवे पॅड. मागचे ड्रम अॅडजस्ट केले. नवे पॅड डिस्कवर रुळावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ५० मैलांवरून १० पर्यंत असं आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता, आणि मग पंधरा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून गार केली.

काल सकाळी एकटाच हॅमिल्टनला गेलो. उतरताना दुसरा-तिसरा गिअर. चार ठिकाणी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क बघितली, दोन्ही बाजूंमध्ये फारसा फरक नाही. पेडल वर होतं तिथेच, खाली पोचेपर्यंत. खाली आल्यावर पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

तरीही ४ पिस्टनवाले लावायचे आहेत मला, पॅड मोठे मिळतात आणि पार्ट मिळणं सोपं आहे म्हणून. मिशिगनकरांनी सांगितलं तसे दुकानातून एस१२+८ ची जोडी घेतली, भंगारातला एस१२+८ कोअर म्हणून परत केला (डब्ल्यूवाला त्यांनी घेतला नाही, तो जाड कॅलिपर म्हणून वेगळा धरतो म्हणाले, तो ठेवून दिलाय). उघडून व्यास मोजले, एका बाजूला एक मोठा आणि एक छोटा पिस्टन आहे, दोन्हींच्या क्षेत्रफळाची बेरीज मूळच्यापेक्षा अगदी जेमतेम जास्त येते. ताई, मग मास्टर सिलिंडर ७/८ इंचाचाच ठेवू का?

ब्रेकवाली_चिंचवड

वा, हे वाचून खरंच बरं वाटलं. विशेषतः एक एक गोष्ट करत गेलात म्हणून. सगळं एकदम बदललं असतं तर जाम पिस्टनचं कळलंच नसतं.

हो, तोच ठेवा. हिशेब असा, ७/८ चं क्षेत्रफळ ३८८ चौरस मिमी, १५/१६ चं ४४५, म्हणजे जवळपास १५ टक्के जास्त. तुमचे कॅलिपर जेमतेम वाढलेत, त्यावर १५ टक्के मोठा मास्टर टाकला तर पेडलचा प्रवास कमी होऊन कडक वाटेल, पण तेवढ्याच ब्रेकसाठी पायाचा जोर जास्त लागेल. लोकांना कडक पेडल म्हणजे चांगले ब्रेक वाटतात, ते नेहमी खरं नसतं. २८०झेडएक्सचा १५/१६ चा मास्टर लोक टाकतात तो मोठ्या क्षेत्रफळाच्या कॅलिपरबरोबर, किंवा मागेही डिस्क केल्यावर. तुमचं ड्रमच आहे.

पुढचा-मागचा तोलही त्यामुळे फारसा हलणार नाही. तरी कोरड्या, मोकळ्या जागी ३०-४० च्या स्पीडने जोरात ब्रेक मारून बघा आणि कोणाला तरी बाहेर उभं करून कुठलं चाक आधी लॉक होतं ते बघायला सांगा. पुढचं आधी हवं. मागचं आधी लॉक झालं तर गाडी फिरते, तसं दिसलं तर तशी चालवू नका. आणि थांबायचं अंतर शेवटी टायर ठरवतो. टायर किती जुने आहेत?

झेड_७२

टायर १९५/७०, साइडवॉलवरची तारीख बघितली तर ११ वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर आहे म्हणून लक्षच दिलं नव्हतं. ते आधी बदलतो.

मिशिगनकर

टायर बदलायला चाकं काढालच, तेव्हा एक गोष्ट करून घ्या. नवा कॅलिपर नुसता दोन बोल्टवर बसवा, त्याच्या पाठीवर तीनचार ठिकाणी कणकेचे छोटे गोळे चिकटवा आणि चाक लावून हाताने दोन वेळा फिरवा. काढल्यावर कणीक सगळ्यात पातळ कुठे दाबली गेली ते मोजा. माझ्या मूळच्या स्टीलच्या चाकात बसला, पण नंतरच्या अॅलॉयमध्ये एका स्पोकला घासत होता. चाकाला चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूने असतील तर तीही बघा, एकाचं वजन कॅलिपरने खरवडून काढलं होतं.

लाइनचा नट हाताने दोनतीन आटे सहज फिरला पाहिजे, मगच पाना लावा. पाइप थोडा वाकवावा लागेल, त्याच्या टोकाची फाकवलेली कड (फ्लेअर) दुहेरी दुमडलेलीच हवी. आणि ब्लीडर निपल वरच्या बाजूला येतोय ना ते बघा, डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि कितीही हवा काढा, थोडी आत राहतेच.

झेड_७२

कणकेची युक्ती केली. स्टीलच्या चाकात सगळ्यात पातळ जागी ४ मिमी आली. धूळपत्रा दोन इंच कापावा लागला, कडा घासून रंग लावला. डावा बसलाय, उजवा उद्या. पिस्टन आत ढकलताना ऑइल वर येऊन फेंडरवर सांडू नये म्हणून टाकीतलं थोडं आधीच काढून ठेवलंय.

न्यूजर्सी_नाना

छान. पहिल्या १०० मैलांनंतर कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचने परत बघा, आणि रात्री गाडी उभी करताना चाकांच्या आत एकेक जुना पांढरा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला तर गाडी हलवायच्या आधी कळेल.